चाकणचं पत्र आलं हाय, इकडं जिनिंगवाला बलावून राहिला. आयटीआयवाल्यानं अप्रेंटिस कुठं करावी?

मारेगावचा पोट्टा

नमस्कार राजेहो. इथं पयल्यांदाच लिहून राहिलो, काही चुकलं तं सांभाळून घेजा.

मी मारेगाव तालुक्यातला. वय वीस. इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा आयटीआय यंदा निघाला, ७८ टक्के. दहावीले ७१ होते. घरी चार एकर कोरडवाहू, कापूस अन् तूर. ताईचं लग्न गेल्या साली झालं, त्याचं देणं अजून फिटाचं हाय. त्याच्यावर जास्त बोलत नाई.

आयटीआय करता करता गावातल्या वायरमन काकाच्या मागं फिरलो. मोटारपंपाचे स्टार्टर उघडले, कॉन्टॅक्टर घासले, डीपीवरचा फ्यूज गेला का रात्री बारा वाजता काकासोबत बॅटरी धरून उभा राह्यलो. म्हणून हाताले काम मालूम हाय. पण कारखान्यातलं मोठं पॅनल अजून पुस्तकातच पाह्यलं.

आता गोष्ट अशी का नागपूरच्या एका कन्सल्टन्सीकडून व्हॉट्सअ‍ॅपवर पत्र आलं. चाकणची कंपनी, "अप्रेंटिस ट्रेनी – मेंटेनन्स", महिन्याचे १३,५००, कँटीनमधी जेवण. जॉइन व्हायच्या आधी ड्रेस, बूट अन् मेडिकलचे म्हणून २,५०० भरा लागतात. आठ दिवसांत कळवा म्हन्ते.

दुसरीकडं वणी रोडवर एक जिनिंग, म्हंजे कापसातली सरकी काढाचा कारखाना हाय. त्या मालकाले काकानं माह्यं नाव सांगितलं. हेल्पर इलेक्ट्रिशियन, ४५० रुपये रोज, दिवाळीनंतर ये म्हन्ते. घरून बावीस किलोमीटर, म्हंजे जाऊन-येऊन चव्वेचाळीस. बाबाच्या गाडीवर रोज शंभर रुपयाचं पेट्रोल समजा. हाती साडेतीनशे राह्यले. पण घरचं जेवण, घरचं झोपणं, अन् सकाळी आईसंग दोन तास वेचाही होते.

वर्गातले दोस्त म्हन्ते, थांब, रेल्वेची नाई तं महावितरणची अप्रेंटिस निघंन, तेच खरं. पण तिथं आठ हजार भेटते अन् कधी निघंन ते कोणाले मालूम नाई. आठ हजारात नागपूरले खोली करा, मेस लावा, घरी काय धाडा?

बाबा म्हन्ते, "पत्र आलं तं जा, पत्र कोणाले येते?" आई म्हन्ते, कापूस घरात येऊ दे. मागच्या आठवड्यात सीतादही, म्हंजे पहिल्या वेच्याची पूजा केली, वेचा आताच लागला.

मले विचारायचं एवढंच, का अप्रेंटिस केल्याशिवाय नुसत्या आयटीआयचं काही होते का नाई? अन् हे चाकणचं जाऊ का?

रांजणगाव रिटर्न

भाऊ, मी २०१८ मधी असंच पत्र घेऊन गेलतो. वणीहून ट्रॅव्हल्समधी आम्ही सहा पोट्टे, पायाखाली सुटकेस. तिथं गेल्यावर समजलं का आम्ही कंपनीचे नाई, मधल्या एका एजन्सीचे "नीम ट्रेनी". नीम म्हंजे ट्रेनिंगची दुसरीच एक योजना. ट्रेड माह्या फिटर. फाइल हाती घेतली नाई वर्षभर. लाइनवर उभं राहून नट कसले. एकच नट, एकाच जागचा, दिवसाले नऊशे वेळा.

वर्ष सरल्यावर एक कागद देल्ला. तो घेऊन आयटीआयत आलो तं सर म्हन्ते, हे अप्रेंटिसचं प्रमाणपत्र होयेच नाई. नीम वेगळी, अप्रेंटिस वेगळी. मले तवा कोण सांगणार?

आता वणीत मोटार वाइंडिंगचं दुकान हाय. उन्हाळ्यात जेवाले फुरसत भेटत नाई. माह्यं ऐकशीन तं जिनिंग पकड. डबल रोलरच्या मोटारी, प्रेसचं पॅनल, कॅपॅसिटर बँक, वरून कापसाचा उडता धूळ अन् ठिणगीचं भेव. तीन महिन्यांत जे शिकशीन ते चाकणले तीन वर्षांत नाई शिकणार. अप्रेंटिस-बिप्रेंटिस सारा कागदाचा खेळ हाय.

निवृत्त निदेशक

मी विदर्भातल्या वेगवेगळ्या आयटीआयमध्ये एकतीस वर्षं हाच ट्रेड शिकवला. वरच्या भाऊचा राग मला समजतो, पण "सारा कागदाचा खेळ" हे त्याच्याच गोष्टीतून खोटं ठरतं. त्याचं वर्ष वाया गेलं ते चुकीच्या कागदामुळे.

बाळा, तुझ्या पत्रावर "अप्रेंटिस ट्रेनी" लिहिलं आहे. हा शब्द कोणीही कोणत्याही कागदावर लिहू शकतो. खरी शिकाऊ उमेदवारी म्हणजे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालची. तिची खूण एकच: तू आणि कंपनी यांच्यात करार होतो आणि तो केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदला जातो. त्याला क्रमांक असतो. त्यात ट्रेड, सुरुवात आणि शेवटची तारीख, विद्यावेतन लिहिलेलं असतं. मधली एजन्सी कागदपत्रांना मदत करू शकते, त्यात गैर नाही, पण करारातला मालक ती कंपनीच असावी लागते. वर्ष संपलं की परीक्षा होते आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. त्यालाच पोरं एनएसी म्हणतात.

कंपन्या उपकार म्हणून पोरं घेत नाहीत हेही लक्षात ठेव. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असतील, अगदी कंत्राटी धरून, तर अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणं त्यांना बंधनकारक आहे. आयटीआयवाल्याला किमान विद्यावेतन २०१९ च्या नियमांत ७,००० ठरलं. जास्त द्यायला कोणी अडवत नाही, म्हणून १३,५०० या आकड्यावरून मी पत्र खोटं म्हणणार नाही. २,५०० या आकड्यावरून मात्र म्हणतो. शिकाऊ उमेदवाराकडून पैसे घ्यायचे नसतात, त्याला द्यायचे असतात.

आता कडू गोष्ट. याच कायद्याच्या कलम २२ प्रमाणे वर्ष संपल्यावर शिकाऊंना नोकरीत घ्यायचं धोरण कंपनी स्वतः ठरवते, त्यामुळे करारात तशी अट नसेल तर नोकरी मिळेलच असं नाही. कलम १८ प्रमाणे तू कामगार नाहीस, प्रशिक्षणार्थी आहेस. त्यामुळे पीएफ, ईएसआय यांची वाट बघू नकोस. पण काम करताना इजा झाली तर कलम १६ खाली भरपाईची जबाबदारी मालकाची. माझ्या एका विद्यार्थ्याची दोन बोटांची टोकं प्रेसमध्ये गेली. करार होता म्हणून त्याला भरपाई मिळाली. त्याच खात्यात, त्याच वर्षी, ठेकेदाराच्या पोराला हजार रुपये देऊन बसमध्ये बसवून दिलं. कंपनीचं नाव घेत नाही. दोन्ही पोरं माझ्याच वर्गातली होती.

पत्रावर करार क्रमांक, कंपनीचा नोंदणी क्रमांक, असं काही आहे का ते पाहून सांग.

मारेगावचा पोट्टा

सर, पाह्यलं. क्रमांक नाई. खाली शिक्का कन्सल्टन्सीचाच हाय, कंपनीचं नुसतं नाव लिवलं. "प्रशिक्षण कालावधी कामगिरीनुसार" असं हाय, तारीख नाई.

फोन लावला. बाई बोलल्या, छान बोलल्या. मी विचारलं, करार पोर्टलवर होईन का? तं म्हन्ते, "ते नंतर होतं, आधी सीट बुक करा." मी म्हटलं, सीट तं ट्रॅव्हल्सची असते. त्याईनं फोन ठेवला.

बाबाले अजून सांगितलं नाई.

मोतीबाग २०१८

दिग्रसचा आहे, सध्या रेल्वेत. तुझ्या दोस्तांनी "थांब" म्हटलं ते बरोबर, पण कशासाठी थांबायचं ते अर्धंच सांगितलं.

मी २०१८-१९ मध्ये नागपूरला दक्षिण पूर्व मध्य रेल्वेची अ‍ॅक्ट अप्रेंटिस, म्हणजे सरांनी सांगितलेल्या कायद्याखालचीच, केली. निवडीला परीक्षा नाही, मुलाखत नाही. दहावीचे आणि आयटीआयचे टक्के मिळवून सरासरी काढतात आणि वरून यादी लागते. तुझे ७१ आणि ७८, म्हणजे साडेचौऱ्याहत्तर. लागेलच असं नाही म्हणणार, इलेक्ट्रिशियनला गर्दी फार असते. पण भरण्यासारखा फॉर्म आहे. मध्य रेल्वेची जाहिरात वेगळी निघते आणि तिच्यातही नागपूर क्लस्टर असतो. दोन्ही भर. भंडारा, भद्रावती, अंबाझरीचे दारूगोळा कारखाने आहेत, वेकोलिच्या कोळसा खाणी आहेत, महावितरण मंडळनिहाय घेतं, चंद्रपूर-कोराडीला महानिर्मिती आहे. आपल्या भागातला पोरगा एवढं सोडून आधी चाकणला का पळतो ते मला कळत नाही. कळतं, पण पटत नाही.

मुख्य गोष्ट ही की अप्रेंटिस एकदाच करता येते. रेल्वेच्या जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असतं: ज्याची शिकाऊ उमेदवारी झालेली आहे किंवा चालू आहे, त्याने अर्ज करू नये. माझ्याच गावचा एक जण घाईघाईत एका छोट्या वर्कशॉपचा करार करून बसला. काम काय, तर गोडाऊनचा हिशेब. चार महिन्यांनी रेल्वेची यादी लागली, त्याचे टक्के माझ्याहून जास्त, आणि त्याला फॉर्मच भरता आला नव्हता. सध्या तो गोडाऊनचाच हिशेब लिहितो, पगार मात्र बरा आहे म्हणा.

आणि अप्रेंटिस झाली म्हणजे रेल्वेत लागलो, असं घरी सांगू नको. लेव्हल १ च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पदांच्या भरतीत रेल्वेत अप्रेंटिस केलेल्यांसाठी २० टक्के जागा राखीव असतात, पण परीक्षा द्यावीच लागते. माझ्या वेळी २०१९ ला जाहिरात निघाली आणि पेपर झाला २०२२ च्या पावसाळ्यात. मधली तीन वर्षं दिग्रसला पंखे-कूलर दुरुस्त केले. लोक विचारायचे, "काय रे, रेल्वेत होता ना तू?" काय सांगणार?

पैशाचं म्हणशील तर दोन वर्षांच्या आयटीआयवाल्याला तिथे ८,०५० मिळतात. आम्ही चौघं एका खोलीत होतो. तांदूळ, डाळ, तिखट घरून न्यायचो. मेस लावली असती तर घरूनच पैसे मागवावे लागले असते. घरी पाठवायला काही उरत नाही, हे बाबांना आत्ताच सांग.

दारव्ह्याची कोपावाली

माझा ट्रेड वेगळा, कोपा, म्हणजे कॉम्प्युटरचा, त्यामुळे काम काय मिळेल यावर बोलत नाही. पैशावर बोलते, कारण त्यात मी फसले नाही पण येडी झाले.

२०२४ मध्ये अमरावतीला एका खासगी ठिकाणी अप्रेंटिस केली. करारात ७,००० आणि कंपनीकडून खात्यात ५,५०० यायचे. चार महिने मी एचआरशी भांडले, रडलेसुद्धा. शेवटी तिथल्या अकाउंटंट काकांनी विचारलं, "आधार कोणत्या खात्याला जोडलंय?" केंद्राचा वाटा म्हणून १,५०० पर्यंत रक्कम सरळ आधार जोडलेल्या खात्यात जाते. माझं आधार जोडलेलं होतं शाळेत शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या झिरो बॅलन्स खात्याला, ज्याचं पासबुक आईने गव्हाच्या कोठीत ठेवलं होतं. बँकेत जाऊन छापलं तर ६,००० जमा! एचआरच्या मॅडमची माफी मागितली. त्यांनी चहा पाजला.

तर कुठेही गेलास तरी आधी हे बघ.

आणि "मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण" म्हणजेच अप्रेंटिस, असं कोणी सांगेल, त्यात अडकू नकोस. माझा चुलतभाऊ ग्रामपंचायतीत होता, आयटीआयवाला म्हणून ८,००० मिळाले, घरी राहून मिळाले, वाईट नाही. पण २०२४ ची ती वेगळी योजना, तिच्यातून एनएसी निघत नाही.

दर महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी अप्रेंटिस मेळावा असतो. मला माझी जागा तिथेच मिळाली. आयटीआयत विचार, तुमच्या जिल्ह्यात कुठे भरतो ते. गर्दीत मुली चारच होतो, पण त्या दिवशी सगळ्यांनी आम्हाला आधी पुढे सोडलं.

रांजणगाव रिटर्न

मोतीबागवाले भाऊ, एकदाच करता येते हे मले आज समजलं. म्हंजे माह्यी तं अजून झालीच नाई! वय निघून गेलं पण, चोवीसच्या वरचं घेत नाई रेल्वेवाले. असो.

पोट्ट्या, मी जिनिंग पकड म्हटलं ते आताही म्हन्तो. फक्त त्याले अप्रेंटिस समजू नको, रोजी समज.

निवृत्त निदेशक

जिनिंगच्या मालकाशीच करार कर, असं सुचवणार होतो. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला शिकाऊ घेणं ऐच्छिक असतं, घेता येतात. पण जिनिंग चालतं हंगामापुरतं आणि तुझा करार वर्षाचा. शिवाय मोतीबागवाल्याने सांगितलं तसं ती एक संधी तिथे खर्च होईल. तेव्हा नको. रोजीने जा. फक्त पॅनल उघडताना मेन बंद करून किल्ली आपल्या खिशात ठेवायची. मालकाचा पोरगा "चालू लाइनवर कर, गाडी उभी आहे" म्हणेल. हंगामात सगळेच म्हणतात. नाही म्हणायचं.

मारेगावचा पोट्टा

चार दिवसांनी लिहून राहिलो, वेच्यात होतो.

बाबाले सांगितलं. दोन दिवस बोलले नाईत. तिसऱ्या दिवशी रात्री म्हन्ते, "तुह्या त्या सरले विचार, रेल्वेचा फारम कधी निघते." मंग मीच मोबाइलवर मागच्या जाहिराती काढून दाखवल्या. नागपूरची २०२४ अन् २०२५ दोन्ही साली एप्रिलमधी निघाली होती. बाबानं बोटावर हिशेब केला. जिनिंग दिवाळीपासून होळीपर्यंत, जास्तीत जास्त गुढीपाडवा. "मंग तं बरोबर बसते," म्हन्ते. माणूस खूश झाला का नाई ते आमच्या घरी चेहऱ्यावरून समजत नाई.

जिनिंगवर जाऊन आलो. मालकाले म्हटलं, एप्रिलपासून नाई येणार. तो हासला, म्हन्ते, "एप्रिलले मीच इथं नाई राहत, तू कुठून येशीन?" हजेरी पंधरा दिवसांनी, नगद. मेनची किल्ली खिशात ठेवायचं बोललो तं त्यानं एकदा पाह्यलं माह्याकडं. पण हो म्हटलं.

पोर्टलवर नाव टाकाले बसलो तिथं अडलो. माह्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी पडली. गावात कॅम्प लागला होता तवा आजीनं नेलं होतं मले, तिले तारीख कुठून मालूम? त्या कॅम्पमधी अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जानेवारीले हाय. दहावीच्या मार्कशीटवर खरी हाय, १७ ऑगस्ट. हे चालून जाते का सर? का दुरुस्त करू?

निवृत्त निदेशक

चालत नाही. कागद तपासताना पहिली हीच नजर जाते. एप्रिलची वाट पाहू नकोस, आत्ताच दुरुस्त कर. दहावीची मूळ गुणपत्रिका ने, जन्माचा दाखला असेल तर तोही ने. आणि यंत्रावर माणूस तारीख भरत असेल तेव्हा पडद्याकडे बघत उभा राहा, पावती वाचल्याशिवाय केंद्रातून निघू नकोस. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते.

मारेगावचा पोट्टा

बरं सर. उद्या वेच्याले बाया सांगून ठेवल्या हायेत, परवा जातो. आजीले संग नेत नाई.